टोपली आणि काउंटरची खुर्ची

आमच्या लाँड्रीत तिला टोपली म्हणतात. खरं नाव पगाराच्या कागदावर आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळून बघणारसुद्धा नाही. हे नाव मीच पाडलं, अठरा वर्षांपूर्वी, ती कामाला लागली त्याच दिवशी. सकाळी आली ती तेल चोपडून, घट्ट वेणी घालून, अगदी शहाण्या मुलीसारखी. दुपारपर्यंत वाफेत उभी राहिली आणि डोक्याचं हे एवढं टोपलं झालं. मी म्हटलं, "अगं बाई, डोक्यावर टोपली घेऊन कुठे निघालीस?" दुसरी कुणी असती तर रडली असती, नाहीतर भांडली असती. ही म्हणाली, "भाजी आणायला. तुला काय आणू?" तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

आमची लाँड्री म्हणजे दोन दुकानं आहेत असं समजा. पुढे लाकडी चौकटीचं काचेचं दार, थंडगार हवा, काउंटर आणि काउंटरमागे पाठ टेकायला गादी असलेली, चाकांची खुर्ची. मध्ये पडदा. पडद्यामागे आम्ही. तिथे धुलाईची दोन मशीन, दोन ड्रायर, लोकरीच्या कपड्यांसाठी एक हौद, आणि हॉटेलांच्या चादरी नि टेबलक्लॉथ यांना इस्त्री करायची लांबलचक टेबलं. पंखे आहेत, पण ते गरम हवा इकडून तिकडे ढकलतात, एवढंच. बसायला काही नाही. इस्त्री उभ्यानेच करायची असते.

टोपलीचा हात लोकरीवर चालतो. कुणाचा महागाचा स्वेटर आला की मालकीणबाई पडद्याआडून आवाज देतात, "हा तिलाच द्या." ती कपडा बोटांत धरते, डोळे मिटते आणि सांगते, यात लोकर किती, भेसळ किती, पाणी किती कोमट लागेल. आजवर एक स्वेटर तिने आटवलेला नाही. माझ्या हातून चार आटले. त्यातला एक तर बाहुलीलाही बसला नसता.

टोपलीच्या घरी सासू आहे, मुलगी दुसऱ्या गावी नर्सिंग शिकते, नवरा ट्रकवर असतो आणि आठवड्यातून दोन दिवस घरी येऊन झोपतो. सासू रोज संध्याकाळी दार उघडते आणि विचारते, "आज वादळ कुठून आलं?" त्यात वाईट काही नाही. म्हातारीला तेवढीच करमणूक.

केसांचं म्हणाल तर, कोरड्या हवेत तिचे केस झकास दिसतात. पण दमट महिने सुरू झाले की खेळ खलास. डब्यातलं मीठ पाणी सोडतं, काडेपेटी धड पेटत नाही, दारं फुगून चौकटीत अडकतात, आणि दारांबरोबर टोपलीचे केसही फुगतात. एकेक केस आपापल्या वाटेने निघतो. त्यात आमच्याकडची वाफ. बाहेर दमट, आत त्याहून दमट. बिचारीने जायचं कुठे?

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते गुडघ्यापर्यंत. उजवा गुडघा. दोन वर्षांपूर्वी दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, "दिवसभर उभं राहणं बंद करा, नाहीतर लवकरच काठी लागेल." हे तिने मला कपडे बदलायच्या खोलीत दार लावून सांगितलं आणि वर दम दिला, "कुणाकडे बोललीस तर याद राख." दम देण्यासारखंच होतं ते. आमच्याबरोबर इस्त्रीवर एकजण होती. तिने पाठ दुखते म्हणून मालकीणबाईंना सांगितलं, तर बाईंनी चहा पाजून, गोड बोलून महिन्याभरात तिला घरी बसवलं. म्हणून टोपलीने दुखणं लपवलं. दुपारच्या सुट्टीत त्या खोलीत जायची, दार लावून गुडघा दाबायची आणि तोंड पुसून बाहेर यायची.

मग काउंटरवरची मुलगी लग्न करून गेली आणि खुर्ची रिकामी झाली. टोपली त्याच दिवशी बाईंसमोर उभी राहिली. मी पडद्याआडून ऐकत होते, खोटं कशाला बोलू.

"काम तू करशील, त्यात शंका नाही," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकं तुला ओळखतात, कपडे तुला कळतात. पण काउंटर म्हणजे दुकानाचा चेहरा. आपण लोकांना म्हणतो, कपडे नीटनेटके करून देऊ. आणि समोर हे?" असं म्हणून त्यांनी हाताने आपल्या डोक्याभोवती एक मोठा गोल काढला. "केसांचं काहीतरी कर. सोमवारपासून आठवडाभर बसून बघ, मग ठरवू."

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचे केस बाई दर पंधरा दिवसांनी पार्लरमध्ये बसून सरळ करून घेतात आणि थंडगार कारमधून फिरतात. पण टोपली म्हणाली, "हो बाई, करते." आणि मागे येऊन मला म्हणाली, "आता केस सरळ नाही झाले ना, तर माझं काही खरं नाही."

सोमवारी ती नणंदेची केस सरळ करायची इस्त्री वापरून आली. दिवसभर इस्त्री करायची आणि घरी डोक्यालाही इस्त्री! पण दिसत होती छान. बाईही खूश. फक्त काउंटरवर बसलं तरी कपड्यांची बंडलं आणायला मागे यावंच लागतं. अकरापर्यंत ती तीनदा वाफेतून गेली. एक वाजता पुन्हा टोपली.

मंगळवारी तेल लावून अंबाडा बांधला. ओले केस वाळेचनात, कुबट वास यायला लागला, आणि कपाळावरचे बारीक केस तेल झुगारून उभे राहिले. शिवाय तेलाचा हात कुणाच्या पांढऱ्या शर्टला लागेल या भीतीने ती दोन बोटांनी काम करत होती. बुधवारी औषधांच्या दुकानदाराने दिलेलं ग्लिसरीन लावलं. ते हवेतलं पाणी आणखीच ओढून घेतं, हे आम्हाला काय ठाऊक! केस चिकटले आणि फुगलेही, दोन्ही एकदम. गुरुवारी तिने डोक्याला रुमाल बांधला, तर बाई म्हणाल्या, "आजारी दिसतेस. उद्याचा दिवस बघते, नाहीतर दुसरी व्यवस्था करते."

आता माझ्या अकलेचे दिवे ऐका. खळीची कल्पना माझी. मी तिला म्हटलं, "आपण रोज शंभर टेबलक्लॉथ खळ घालून ताठ करतो. एक तुझं डोकं होत नाही?" तिने माझ्याकडे बघितलं, मग खळीच्या बादलीकडे. मग म्हणाली, "पातळ करायची पण."

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघी आलो. पातळ खळ फवाऱ्याच्या बाटलीत भरली, केस विंचरून चापून बसवले, बट न् बट फवारली आणि पंख्याखाली वाळवली. काय सांगू! केस चकचकीत, सपाट, एक केस हलायला तयार नाही. बाई आल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, "हे असं आधी का नाही केलंस?" टोपली मान न हलवता म्हणाली, "सुचलं नाही बाई." मान हलवली असती तर खळीला तडा गेला असता.

साडेबारापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एक निवृत्त मास्तर आपला कोट न्यायला आले. आणखी तीन गिऱ्हाइकं रांगेत होती. कोट अगदी आतल्या दांडीवर. टोपली मागे आली, वाफेच्या इस्त्र्यांमधून वाट काढत दांडीपर्यंत गेली. तेवढ्यात खळ मऊ पडली. आणि नेमकं त्याच वेळी मी ड्रायर उघडून पन्नास टॉवेल बाहेर काढले. ड्रायर उघडला की कापसाचे बारीक तंतू उडतात, हे आम्हाला रोजचं. ते सगळे तंतू जाऊन तिच्या डोक्यावर बसले. तिला पत्ता नाही. मी बघितलं तोवर ती कोट घेऊन पडद्याबाहेर गेलेली होती.

मास्तरांनी चष्मा वर केला. "बाई," ते म्हणाले, "माझा कोट शोधायला तुम्हाला किती वर्षं लागली?"

रांगेतली सगळी हसली. टोपलीने डोक्याला हात लावला, तळहातावर पांढरी रुई बघितली आणि तीही हसली. मास्तर मनाने चांगले होते, त्यांच्या बोलण्यात टोचण्यासारखं काही नव्हतं. पण बाई दारातून आत येत होत्या आणि त्यांना हसू आलं नाही.

गिऱ्हाइकं गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू मागे जा." मग पडद्याशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू बस इथे. तुझे केस तरी सरळ आहेत."

आणि मी बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा कामावर पाठ टेकली. बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज वाटली, पण बरं वाटलं हे खरं.

दहा मिनिटांनी हँगर आणायच्या निमित्ताने मी मागे गेले. टोपली लोकरीच्या हौदावर वाकून डोकं धूत होती. खळीचं दुधट पाणी वाहत होतं. मी टॉवेल घेतला आणि तिचे केस खसाखसा पुसायला लागले. तिने टॉवेल हिसकावला.

"अगं, चोळतेस काय अशी! लोकर असती तर चोळली असतीस का?"

बोलली आणि तिची तीच थांबली.

"बघ ना," ती म्हणाली, "अठरा वर्षं लोकर धुतेय मी. चोळायची नाही, पिळायची नाही, तापती इस्त्री लावायची नाही. आणि स्वतःच्या डोक्याला टेबलक्लॉथ समजून बसले."

मग तिने जुनी मऊ सुती चादर घेतली. स्वेटरमधलं पाणी टिपतो तसे केस मुठीमुठीने नुसते दाबले. तळहातावर दोन थेंब तेल घेऊन केस ओले असतानाच बोटांनी मोकळे केले. कंगवा नाही, वेणी नाही. त्यांच्या मनासारखे वळू दिले आणि पुन्हा हात लावला नाही. केसांच्या जाड जाड बटा झाल्या, खाली लोंबणाऱ्या, एकमेकींना धरून. इतकी वर्षं मी तिला ओळखते, हे केस मी कधी बघितले नव्हते.

पण हौदावरून तिला सरळ होता येईना. गुडघा अडकला होता. दोन्ही हातांनी कड धरून ती उभी राहिली आणि मला म्हणाली, "जा, बस जाऊन. दुसऱ्या कुणाला मिळण्यापेक्षा तुला मिळाली, बरं झालं." मग लंगडत टेबलापाशी गेली आणि चादर ओढून इस्त्री उचलली.

ती दोन शब्द वाकडे बोलली असती तर मी बसलेही असते, खरंच सांगते. मी तडक पुढे गेले.

"बाई, मी खुर्चीवर बसणार नाही. तिचा गुडघा गेलाय, दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी उभं राहायला बंदी केलीय. खुर्ची तिला केस मिरवायला नकोय."

बाईंनी तिला हाक मारली. ती आली, माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस?" बाईंनी तिला विचारलं.

टोपली म्हणाली, "एकीने पाठीचं सांगितलं होतं. ती कुठे आहे आता?"

बाईंनी काउंटरवरचे चिठ्ठ्यांचे गठ्ठे उगाच सारखे केले. मग वर बघून म्हणाल्या, "केस आता बरे दिसतायत."

किती सोपं होतं! एक "हो" म्हणायचं आणि बसायचं. मी मनात म्हणत होते, म्हण गं बाई, म्हण.

"ओले आहेत म्हणून," टोपली म्हणाली. "वाळले की थोडे फुगतील. हवेत पाणी आहे तोवर फुगणारच. आणि गुडघाही असाच राहणार. दोन्ही बघा आणि काय ते ठरवा. आता मला लपवाछपवी होत नाही."

बाहेर कुणीतरी काचेचं दार ढकलत होतं. दार फुगलं होतं, उघडेना. बाईंनी जाऊन ते ओढून उघडलं आणि तिथूनच, आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "बस तू. आणि सारखी मागे वाफेत जाऊ नकोस. बंडलं ती आणून देईल."

ती म्हणजे मी. पाच दिवस आम्ही डोक्याला काय काय फासलं, पण तिने वाफेत जायचंच नाही, हे एकीलाही सुचलं नव्हतं.

टोपली खुर्चीत बसली. समोर नवं गिऱ्हाईक, बाजूला मालकीणबाई, पडद्याशी मी. तिने पाय लांब केला, दोन्ही हातांनी गुडघा धरून दाबला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या देखत, चांगली मोठ्याने म्हणाली, "आई गं!"