सूट माझी, साखळी आईच्या गळ्यात

नागपूरच्या विमानतळावरून मला आणि आईला रुखमाबाईंनी सोडवलं. रुखमाबाई म्हणजे अहेरीजवळच्या आमच्या गावातल्या शेजारीण आणि आईच्या पक्क्या दुश्मन.

अडकवलं मामानं. (त्याचं नाव लिहितानाही पेन कागदात घुसतो.) मी आठवीतून शाळा सोडलेला, शारजात प्लास्टरच्या कामावर. कागद दिसला की मला घाम फुटतो. मामा कचेरीत चपराशी, म्हणून जगातले सगळे नियम त्याला पाठ.

बहिणीच्या लग्नासाठी मी शारजात साखळी घेणार होतो. मामाचा फोन आला, "बाईमाणसाले सोन्याची सूट जास्त असते. तुह्या आईले पंधरा दिवस तिकडं बोलाव, तिच्या गळ्यात घालून आण."

आणली. कस्टमच्या साहेबांनी विचारलं, "आई किती दिवस होत्या तिकडे?"

"पंधरा दिवस, साहेब."

"मग यांना दागिन्यांची सूट नाही. ती वर्षभर बाहेर राहिलेल्यांना. तुम्ही किती राहिलात?"

"तीन वर्षं."

"मग तुम्हीच का नाही आणली?"

सूट माझ्या नावावर आणि साखळी आईच्या गळ्यात!

तेवढ्यात साहेबांना साखळीखालची जुनी पोत दिसली. "हीपण तिकडचीच?"

आई भडकली. "माह्या नवऱ्यानं अहेरीच्या बाजारातून आणली होती. तो गेला, पोत राह्यली. ही नाई देत मी."

"जाताना नोंद केली होती? बिल आहे?"

काहीच नव्हतं. मी मामाला फोन लावला. "सूट आहे म्हणून सांग त्याले, मी जेवून राह्यलो," म्हणाला आणि फोन ठेवला. जेवून राह्यला!

आई पोत मुठीत धरून म्हणाली, "रुखमीले लाव."

"तिले? काऊन?"

"तिच्याकडं माह्या गळ्याचा फोटो आहे. भांडणाचा."

खरंच होता. पोतीची डिझाईन आईनं चोरली, असं रुखमाबाईंचं म्हणणं. एका हळदीत त्यांनी पुरावा म्हणून फोटो काढला होता. तेव्हापासून दोघी बोअरिंगवर पाण्यालासुद्धा एका वेळी जात नाहीत.

मी फोन स्पीकरवर टाकला. "पाठवते," रुखमाबाई म्हणाल्या, "पण आधी कबूल कर. डिझाईन कोणाची?"

आईनं साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुही बाई, तुहीच. पाठव आता."

फोटो आला. जुनी तारीख, आईचा गळा आणि पोतीभोवती रुखमाबाईंनी कधीचा काढून ठेवलेला लाल गोल. साहेबांनी तो मोठा करून मणी न् मणी ताडून पाहिला आणि पोत सोडली. साखळीवर मात्र ड्युटी भरावी लागली, त्यात बहिणीच्या वरातीचा बँड गेला. मामा वरातीत विचारत होता, "बँड काऊन नाई सांगितला?"

रुखमाबाई, तुमचे उपकार मी फेडणार. पुढच्या सुटीत तुमच्यासाठी तश्शीच पोत आणीन. कोणालाही न विचारता, माझ्याच गळ्यात घालून. कस्टमवाले हसले तर हसोत, सूट माझी आहे. फक्त घरी पोचल्यावर आईच्या आधी तुम्ही दिसा.