ओव्हर म्हटल्याशिवाय

दुपारची जेवणं झालीत, डोक्यावर पंखा करकरतोय आणि मी पलंगावर आडवी पडले आहे. झोपलेली नाही. आधीच सांगून ठेवते, कारण आमची सून म्हणते, सासूबाई दुपारी घोरतात. मी डोळे मिटून विचार करते, त्याचा आवाज होतो, एवढंच.

पलंगाला लागून खोकं आहे. त्यात ह्यांचा रेडिओ सेट, हेडफोन, मोर्सची टकटक करायची ती 'की', शाईचं पेन आणि देशोदेशींहून आलेल्या कार्डांचा गठ्ठा. वर थोडी कोरी कार्डं. ह्यांना जाऊन आठ महिने झाले. इथं भुसावळला रेल्वेत तारबाबू होते, आणि घरी आले की हौशी रेडिओवाले. लायसन्स काढून, छपरावर तार ताणून, कुठल्या कुठल्या माणसांशी बोलत बसायचं. घरातल्या माणसांशी सोडून.

चार वाजता रेडिओ क्लबचे सेक्रेटरी बोरोले हे खोकं न्यायला यायचेत. आमच्या उन्मेषनं पुण्यात बसून फोनवर परस्पर कबूल करून टाकलं. म्हणाला, "आईला त्या सेटचा जन्माचा राग. एकदाची सुटेल."

राग होताच. चाळीस वर्षं मी त्याला सवत म्हटलं, तेही चारचौघांत. आता कुठल्या तोंडानं सांगू, की आठ महिने रोज सकाळी सातला दार लावून मीच हेडफोन घालून बसते? नुसती ऐकते हो. बोलायला लायसन्स लागतं. सातला ह्यांची मंडळी जमते. अकोल्याचे देऊळगावकर आधी खोकतात, मग गुडघ्याचं सांगतात, मग पुन्हा खोकतात. मागल्या मंगळवारी ते आले नाहीत, तर माझा घास घशाखाली उतरेना. ती सगळी माणसं आज चार वाजता खोक्यात बसून जाणार. आणि मी दारात उभी राहून म्हणणार, न्या बाबा एकदाचं.

पंख्याची करकर लय धरते. डि-डि-डि-डा. डि-डि-डा. डि-डि-डा-डा-डा. रेडिओवर ह्यांना सरकारनं दिलेलं जे नाव होतं, त्याची ही सुरुवात.

"अहो," मी डोळे न उघडताच म्हणते, "पंख्याला तेल घाला म्हणून किती वेळा सांगितलं होतं."

"आठवण आहे," हे म्हणतात. "पण आता जरा लांबून यावं लागतं. ओव्हर."

मी स्वयंपाकघरात उभी आहे. हे ओट्यावर बसलेत, नोकरीतला काळा कोट घालून. चेहरा धुक्यातला, कोटाची बटणं मात्र लख्ख. ओटा नेहमीपेक्षा लांब दिसतो. पार तिकडे सिग्नलपर्यंत गेलाय, आणि त्यावर माणसं ट्रंका घेऊन बसलीत. कुकरची शिट्टी होते आणि गाडी सुटते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ओटा तेवढा पुसायला हवा, असं वाटतं.

"न सांगता गेलात," मी सुरू करते. "पेन्शनचे कागद कुठं ठेवलेत, गच्चीच्या दाराची किल्ली कुठं, काही म्हणून नाही. ते बोरोले भेटायला आले, तर म्हणतात, काकू, फालकसाहेब सायलेंट की झाले. गेलेल्या माणसाला तुमच्यात असं म्हणतात म्हणे. मी म्हटलं, त्यात नवीन काय? मला तर चाळीस वर्षं सायलेंटच होते. बोला की! बसलेत नुसते!"

हे गप्प. हसरे डोळे माझ्याकडे, अंगठा हवेतल्या हवेत माइकच्या बटणावर.

"अहो, बोला!"

गप्पच. मग मला काय सुचतं कोण जाणे, मी म्हणते, "ओव्हर."

"आभारी आहे," हे लगेच म्हणतात. "रेडिओचा नियम आहे, समोरच्याचं संपल्याशिवाय मध्ये बोलायचं नाही. तू एकदाही ओव्हर म्हणाली नाहीस. मी वाट बघत बसलो. ओव्हर."

"म्हणजे उन्मेषच्या लग्नात मी तुमच्या भावाला नको नको ते बोलले, तेव्हा तुम्ही गप्प होतात, ते मला पाठिंबा म्हणून नव्हे?"

हे थांबतात.

"ओव्हर!"

"थांबलो होतो. अजून थांबलोच आहे. ओव्हर."

आम्ही गच्चीवर आहोत. तार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खाली भुसावळच्या जागी समुद्र. हे तार चाचपून बघतात.

"ह्या तारेवर मी कधी धुणं घातलं नाही हं," मी आधीच बजावते. "ओव्हर."

"दोनदा. ब्राझील ऐकू येईना, वर येऊन बघतो तर माझेच पायजमे. ओव्हर."

विषय बदलायला हवा. मी गठ्ठ्यातलं एक कार्ड त्यांच्या नाकासमोर धरते. ते माझ्या हातात कसं आलं, विचारू नका. "ही जपानची बाई कोण? खाली अठ्ठ्याऐंशी लिहिलंय. बाकी सगळे त्र्याहत्तर लिहितात. हिलाच पंधरा कशाला जास्त?"

"त्र्याहत्तर म्हणजे शुभेच्छा," हे खाली बघत म्हणतात. "अठ्ठ्याऐंशी म्हणजे प्रेम. आणि... पापे. तशी आमच्यात रीत आहे गं. पंचाहत्तरीची म्हातारी होती ती. ओव्हर."

"शोभतं का! आणि घरच्या बायकोला कधी अठ्ठ्याऐंशी गेलं नाही ते?"

"तुझ्याकडे सेट कुठं होता? ओव्हर."

उत्तर चोख आहे, म्हणून मला जास्तच राग येतो.

पुन्हा स्वयंपाकघर. हे ओट्यावर चमच्यानं टकटक करतात, आणि मी आधण ठेवते. ठेवल्यावर लक्षात येतं, ह्यांनी तोंडानं चहा मागितलाच नाही.

"तुला मोर्स येतं," हे म्हणतात. "मला कधीचं माहीत आहे. ओव्हर."

"येत बित नाही. चौथी शिकलेली बाई मी. भिंतीपलीकडे चाळीस वर्षं तुमची टकटक चालू, कणिक मळता मळता कानात बसली. रेल्वेकडे राहणाऱ्याला गाडी ओळखू येते तशी." चहा उतू जातोय आणि त्याच्या वाफेत ह्यांचा कोट पुसट व्हायला लागलाय. "तुम्ही बोरोल्यांना सांगा ना. तुमचं ऐकतील. सेट नेऊ नका म्हणून सांगा."

हे गप्प.

"ओव्हर म्हटलं नाही म्हणून गप्प आहात, की..."

गप्पच. कोट गेला, बटणं तेवढी उरलीत.

"बरं," मी म्हणते. एवढी लाज मला सासरी पहिल्या दिवशीही वाटली नव्हती. "मला तो सेट हवा आहे. मी त्याला काय काय बोलले, ते सगळं मान्य. पण मला हवा आहे. घर फार गप्प झालंय हो. ओव्हर."

"हे तू मला का सांगतेस?" आवाज आता लांबून येतो, मध्ये खरखर. "दाराशी जो येईल त्याला सांग. तुझा आवाज पाच-नऊ येतोय, एकदम खणखणीत."

"तो पहिल्यापासून आहे!"

"बोलणं झालं की कार्ड पाठवायचं असतं. विसरू नकोस, वेणू..."

बेल वाजते. पुन्हा वाजते.

मी उठते. चार वाजलेत. गालाला काहीतरी चिकटलंय. सोलून बघते तर खोक्यातलं एक कोरं कार्ड, आता भरलेलं. शाईच्या पेनानं, माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात. वेळ, तीन वीस. आवाज, लांबून पण कळला. पाठवणारी, वेणू फालक. आणि सगळ्यात खाली दोन मोठे आकडे.

दाराकडे जाताना आरशात बघते. घामानं शाई फुटलीय आणि उजव्या गालावर निळं, सुलट, वाचता येईल असं ८८.

कार्ड पोलक्यात खुपसते, गालावर पदर धरते आणि दार उघडते. बोरोले आणि टेम्पोवाला.

"काकू, दाढ दुखतेय का? खोकं कुठंय?"

"खोकं हलणार नाही," मी म्हणते. "सेट मला लागतो. ती लायसन्सची परीक्षा कधी असते, ते सांगा."

"काकू, तुम्ही? अहो, त्यात मोर्स असतं, आणि बाकीचं इंग्रजीत."

"मोर्स मी तुम्हाला शिकवते. इंग्रजी तुम्ही मला शिकवा. उद्यापासून. आणि त्या देऊळगावकरांना सांगा, खोकल्याला ज्येष्ठमध चघळा म्हणावं."

बोलण्याच्या भरात पदर सुटतो. बोरोले माझ्या गालाकडे बघतात. जुना रेडिओवाला माणूस, उलटे उमटलेले आकडेही वाचता येतात त्याला. बघतात, मग टेम्पोवाल्याला हळूच म्हणतात, "जा बाबा, आज काही न्यायचं नाही."

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी तोंड धुते. डावा गाल, कपाळ, हनुवटी. उजवा तेवढा राहू देते.