पेंढ्यातल्या चार बाटल्या

त्या चार बाटल्या आठवल्या की मला आजही आधी हसू येतं आणि मागाहून थोडी शरमही वाटते.

फाळणीनंतरची ती वर्षं. लष्कराच्या जुन्या बराकींत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली होती, तिला उल्हासनगर हे नवं नाव मिळालं होतं आणि कॅम्प चारच्या चौकीवर मी नवा फौजदार होतो. राज्यात दारूबंदी होती. सायकलच्या ट्यूबमधून, दुधाच्या किटल्यांतून दारू कुठे जाते हे हुंगण्यातच आमचा अर्धा दिवस जायचा. माझ्या हवालदाराला आपल्या नाकाचा फार अभिमान. नुसत्या वासावरून भट्टी कुठल्या गावची ते सांगतो, असं तो म्हणायचा.

एके दिवशी खबऱ्याने बातमी आणली. बदलापूरच्या पलीकडचा एक शेतकरी आठवडाभर रोज सकाळी टोपलीत, भाताच्या पेंढ्याखाली भरलेल्या बाटल्या आणतो, दवाखान्याच्या बराकीत मागच्या दाराने शिरतो आणि रिकाम्या बाटल्या घेऊन परततो. दवाखान्याच्या आडून धंदा! मी खूश झालो. दुसऱ्या सकाळी दोन पंच घेऊन सापळा लावला आणि तो अलगद सापडला.

पन्नाशीचा, काटक, डोक्याला मुंडासं. टोपलीत चार बाटल्या, प्रत्येकीवर नंबराची चिठ्ठी. चौकीत आणल्यावर त्याने हातच जोडले.

"सायेब, बूच तेवढं काढू नका. बाकी काय पन करा."

"दारू आहे ना?"

"हाय, दारूच हाय. लिवून घ्या, आंगठा देतो."

इतक्या सहज कबुली देणारा आरोपी मी पाहिला नव्हता. पण पंचनामा म्हटला की माल तपासायला हवा. हवालदाराने मिशीवर हात फिरवला, एक बूच काढलं आणि पंचांकडे ऐटीत बघत दीर्घ श्वास घेतला. मग त्याने बूच हळूच परत लावलं.

"कुठल्या गावची?" मी विचारलं.

"साहेब," तो हात धोतराला पुसायला गेला, अंगात खाकी आहे हे लक्षात येऊन थांबला. "ही कुठल्याच भट्टीची नाही. ही लघवी आहे."

पंच हसून बेजार झाले. त्यांना मी बाहेर घालवलं, पण बातमीही त्यांच्याबरोबरच बाहेर गेली. शेतकरी मात्र खाली मान घालून बसला होता. मी त्याला चहा दिला, दार लोटलं आणि विचारलं, "स्वतःची लघवी बाटलीत भरून आणतोस आणि दारू म्हणून कबूल करतोस? हे काय आहे?"

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग बोलला. आदल्या वर्षी त्याची बायको तापाने फणफणली होती, तेव्हा या दवाखान्याच्या डॉक्टरने तिला वाचवलं. आता डॉक्टरला नवं औषध निरोगी माणसाच्या अंगातून किती वेळात बाहेर पडतं ते बघायचं होतं. त्यासाठी धडधाकट माणसं हवी होती. हा आपणहून पुढे झाला. रोज एक गोळी घ्यायची आणि दिवसभराची लघवी वेळेप्रमाणे चार बाटल्यांत भरून आणायची.

"मग लपवायचं कशाला?"

"पोरीची सुपारी फुटायची हाय, सायेब. रोज दवाखान्यात जातो कळलं तर सोयरे म्हनतील, घरात रोग हाय. दारूच्या केसनं सोयरीक मोडत नाय. आजारानं मोडते."

मी शहानिशा करायला दवाखान्यात गेलो. डॉक्टर स्वतः निर्वासित, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी त्या शेतकऱ्याचं नाव घेतलं तर साफ म्हणाले, "उसके बारे में मैं कुछ नहीं बताऊंगा. तो स्वतः हो म्हणेल तेव्हाच." मी परत जाऊन त्यालाच घेऊन आलो. त्याने मान डोलावल्यावर डॉक्टरांनी वही दाखवली आणि उघडलेली बाटली पाहून कपाळाला हात लावला. "पूरा दिन बरबाद! आता कालचं सगळं पुन्हा करावं लागेल. याची मर्जी असेल तर."

"मर्जी हाय," तो म्हणाला.

चौकीवर परतलो तर पंचांनी पसरवलेली बातमी ऐकून होणाऱ्या जावयाचा बाप येऊन बसला होता. धिप्पाड, आवाज आडदांड. "दवाखान्यात काय करतो हा? कसला रोग हाय?"

शेतकऱ्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला विचारल्याशिवाय मला तोंड उघडता येईना. शेवटी तोच म्हणाला, "सांगा सायेब." मी सगळं सांगितलं. पाहुण्याचा विश्वास बसेना. "निरोगी मानूस कशाला जाईल दवाखान्यात?"

"निरोगी असल्याशिवाय तिथे घेतच नाहीत," मी म्हणालो. "खोटं वाटत असेल तर तुम्हीही चला. मी येतो, हवालदारही येतो."

अंगापिंडाने तो आमच्या दुप्पट. छाती काढून पुढे निघाला. डॉक्टरांनी एकेकाला पडद्याआड बोलावून तपासलं आणि ज्याचं त्यालाच सांगितलं. मला रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगून परत पाठवलं. हवालदार पास झाला. पाहुणा बाहेर आला तेव्हा ती छाती उरली नव्हती. त्याला काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही. बाकावर बसून त्याने शेतकऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "दोन घरांत मिळून एक तरी धड मानूस पायजे. येत्या बेस्तरवारी सुपारी फोडू."

शेतकरी तिथेच डोळे पुसू लागला. दुसऱ्या सकाळपासून चौकीसमोरून दोन टोपल्या दवाखान्याकडे जाऊ लागल्या, त्यातली एक हवालदाराची. त्याने मात्र पेंढा घातला नाही. लग्नात मुलाचा बाप जो भेटेल त्याला सांगत होता, "आमचे व्याही, डॉक्टरनं पारखून घेतलेले!"

पुढच्या नोकरीत मी शेकडो कबुल्या लिहून घेतल्या. पण कुणी फार सहज कबूल करू लागला की मी टाक खाली ठेवायचो, चहा मागवायचो आणि आधी विचारायचो, "बाबा, हे कबूल करून तू कुणाला वाचवतोयस?"