अक्कांच्या हातची ओळ

परिपाठ चालू होता आणि खिशातला फोन सारखा थरथरत होता. मुलं डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती, म्हणून मी तो घेतला नाही. नंतर पाहिलं तर अक्कांच्या भावाचे फोन, धुळ्याहून. लावल्यावर तो एवढंच म्हणाला, "अक्का गयी, भाऊ..." माझ्यासमोर पहिलीची रांग उभी होती, अक्कांचीच. ती वर्गात न्यायलाही दुसरं कोणी नव्हतं. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या शाळेत शिक्षक दोनच, अक्का आणि मी.

दसरा झाला की आमच्याकडे ऊसतोडीच्या गाड्या येतात. निम्मी पहिली आईबापांबरोबर फडावर जाते, ती उन्हाळ्यातच परतते, आणि तोवर शिकलेलं सगळं पार धुऊन निघालेलं असतं. अक्कांनी त्या गाड्यांशी वैर धरलं होतं. "गाडी यायच्या आत पोरगं वाचायला लागलं पाहिजे, भाऊ. मग ते फडावर बिस्किटाच्या पुड्यावरचंसुद्धा वाचत बसतं. नाहीतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न." त्यांची रीत साधी होती. वर्गाच्या भिंतीला खालच्या बाजूनं काळा पट्टा रंगवलेला, त्यात प्रत्येकाची हातभर जागा. अक्का मांडी घालून मुलाशेजारी बसायच्या, "सांग, काय लिहू?" म्हणायच्या, आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच अहिराणीत, त्यांच्या गोल टपोऱ्या अक्षरात लिहायच्या. मुलानं ती ओळ न अडखळता वाचली की त्यानंच ती ओल्या फडक्यानं पुसायची, मग दुसरी मिळायची. पुसण्याचा तोरा काय वर्णावा! पोरं कोपरापर्यंत हात भिजवायची. तपासणीला आलेले एक साहेब भिंत बघून नाराज झाले, ही पुस्तकातली भाषा नाही म्हणाले. अक्का म्हणाल्या, "पुस्तकाकडेच नेतेय साहेब, पण घरून निघून नेतेय." साहेबांनी चहा अर्धाच घेतला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

यंदा गणपतीनंतर त्यांना ताप भरला. दसरा जवळ आला होता, म्हणून बाईंनी तो अंगावर काढला. मी भांडलो, ओरडलो, काही उपयोग झाला नाही. शेवटी भाऊ येऊन धुळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. मी भेटायला गेलो तेव्हा आवाज खोल गेला होता. माझं कसं काय, प्रवास कसा झाला, काही नाही...

"नंदा?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही, अक्का. बाकी सगळ्या पोरांनी ओळ पुसली."

त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. "मग ती तशीच जाईल," म्हणाल्या. तीच आमची शेवटची भेट.

नंदाची ओळ होती, 'मनी बकरी काई शे', म्हणजे माझी बकरी काळी आहे. अक्का गेल्यावर मी त्या ओळीच्या मागेच लागलो. गोंजारलं, चॉकलेट दिलं, चिडलोसुद्धा. ती अक्षरांखालून बोट फिरवायची, ओठ मात्र घट्ट मिटलेले. इतरांच्या जागी आता माझी किरटी वाक्यं आली होती. भिंतीवर अक्कांच्या हातची ती एकच ओळ उरली होती, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला फक्त येणारी गाडी दिसत होती.

आणि गाडी आलीच. भांडीकुंडी, गोधड्या चढल्या. नंदाचा बाप तिला न्यायला वर्गाच्या दारात उभा राहिला. मी हात जोडायचेच काय ते बाकी होते. "नंदे, एकदा वाच गं. येत नाही का तुला?"

"माले येस," ती म्हणाली.

"मग वाचत का नाहीस?"

"वाचं का पुसनं पडस."

वाचलं की पुसावं लागतं, म्हणून! मी तिच्याशेजारी मांडी घालून बसलो. कधीपासून येतं, विचारलं. "अक्का दवाखानामा गयी तव्हयपाईन." मग बापाकडे एकदा बघून तिनं बोट टेकवलं आणि सगळी ओळ वाचली, कुठेही न अडखळता. वाचून झाल्यावर तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. मी फडकं दिलं नाही. गाडी वळणाआड गेली तरी मी तिथंच बसून होतो, आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की ज्या बाईला हे ऐकायचं होतं ती आपण हरलो असं समजून गेली. आता हे मी कोणाला सांगू? कुठे फोन लावू?

खिडकीच्या गजाला अक्कांचं फडकं अजून अडकवलेलं असतं. रोज सकाळी मी ते भिजवून पिळून ठेवतो. उरलेली मुलं आपापली ओळ वाचतात, पुसतात, आणि फडकं पुढच्याच्या हातात देतात. नंदाच्या जागेपाशी आलं की मला काही सांगावं लागत नाही... तेवढी जागा सोडून ती पुढे सरकतात.