दादाची फीत आणि जिनिंगचं तेल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात की माझं सांगणं तुटतं आणि मग मलाही हसू येतं. काय सांगू, कुठून सांगू! माणूस गाढवपणा करतो तो घरात करतो, फार तर गल्लीत करतो. मी भर लग्नाच्या मांडवात केला, तोही भोंगा लावून! नांदगाव खंडेश्वरात त्या दिवशी झाडावरच्या कावळ्यालासुद्धा माझं नाव कळलं असेल.

तर ऐका. माझा मोठा भाऊ यशवंत. मी त्याला दादा म्हणायचो. त्याचा अकोल्यात लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. त्यात त्यानं नागपुरातून एका साहेबाची जुनी टेपरेकॉर्डर मशीन उचलून आणली. ट्रंकेएवढी! वर दोन चकत्या, एकीवरची फीत दुसरीवर जायची आणि माणसाचा आवाज निघायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माय मशीनच्या मागं जाऊन पाहून आली.

आता तुम्ही विचाराल, हिचा उपयोग काय? सांगतो. आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. लग्नात त्रिशरण-पंचशील म्हणायचं हे साऱ्यांना ठाऊक, पण पाली शब्द अजून जिभेवर बसलेले नाहीत. म्हणून एकानं पुढे म्हणायचं, मांडवानं मागून. दादाचा आवाज असा, की विहिरीत बादली सोडावी तसा खोल जायचा. त्यानं सारं नीट शिकून घेऊन फितीवर भरलं आणि जिथं सांगणारं कोणी नसेल तिथं मशीन घेऊन जायचा. फितीच्या सुरुवातीलाच त्यानं सांगितलेलं होतं: "मी म्हनतो तसंच म्हना. एक अक्षर इकडचं तिकडं नाही झालं पायजे." आणि लोक तसंच म्हणायचे. अगदी तसंच!

यंदाच्या हिवाळ्यात दादा गेला. टायफाईड. आठ दिवसांत खलास. सव्विसावं लागलं होतं त्याला.

मागं राहिली ती मशीन आणि ती एक फीत. दादाचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. आवाज तेवढा होता.

मी रोज कामावरून आलो की फीत लावायचो. शेवटी एक तुकडा होता, तो दादा लग्नात कधी वाजू द्यायचा नाही, त्याआधीच मशीन बंद करायचा. झालं होतं असं, की भरायच्या दिवशी शेवटचं बटण मी दाबायचं ठरलं होतं आणि मी डोळे मिटून ऐकत बसलो. तर दादा मला काय काय बोलला ते सारं फितीत गेलं. खरं सांगू? पंचशील एकदा ऐकायचो आणि तो तुकडा तीनदा. शिव्या खाऊन इतकं बरं वाटतं हे मला आधी माहीतच नव्हतं!

एक दिवस मशीन टकटक करायला लागली.

"काहून रे मध्या, ते काय वाजून राहिलं?" मायनं चुलीपासून विचारलं.

"काई नाही माय. दादा चुटक्या वाजवून राहिला."

"हो, त्याले सवयच होती," माय म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून भाकर थापू लागली.

मग मशीन तापायला लागली. मी तिला पंख्यानं वारा घातला. मग मधूनच दादाचा आवाज जड व्हायचा, रेंगाळायचा. मला वाटलं, रोज रोज म्हणून थकला असेल. मग आतल्या चाकाजवळ तपकिरी भुकटी दिसायला लागली. मी ती सदऱ्याच्या बाहीनं पुसून टाकायचो. सांगा बरं, याहून जास्त माणसानं मशीनचं काय करावं?

इतक्यात नांदगाव खंडेश्वरहून मामाचं पत्र आलं. सुलोचनेचं, म्हणजे मामाच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. दादानं तिला लहानपणापासून सांगून ठेवलेलं, तुह्या लग्नात मीच म्हणीन. मामानं लिहिलं होतं, पोरगी हटून बसली आहे, यशवंताच्या आवाजाशिवाय हार घालत नाही म्हणते. फीत घेऊन ये.

मी मशीन डोक्यावर घेतली आणि जुन्या शहरात करीमचाचांकडे गेलो. चाचा घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करतात. दुकान एवढं, की गिऱ्हाईक आत गेलं तर चाचांना बाहेर यावं लागतं.

"कवापासून टकटकते?" चाचांनी विचारलं.

"झाला महिना."

"और गरम?"

"लय! माय म्हनते यावर पापड भाजून घे."

"आवाज मधात जड होते का?"

"होते. मले वाटलं, दादा थकला."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग बोट आत घालून भुकटी काढली. "और ये क्या है?"

"तपकीर असंल."

"तुहा दादा तपकीर ओढत होता?"

"नाही."

"मंग?"

मी वाकून भुकटीचा वास घेतला.

"बेटा, ही फीत झिजून राहिली. ह्या भुकटीतच तुह्या दादाचा आवाज आहे. तू हे पुसत कशानं होता?"

"बाहीनं."

आम्ही दोघांनी माझ्या बाहीकडे पाहिलं. महिनाभर मी दादाचा आवाज बाहीला पुसून सदरा धुवायला टाकत होतो!

"देख," चाचा म्हणाले, "मशीन एकदम नाही बंद पडत. टकटकते, तापते, रडते, मंग फीत खाते. हिचं आता खायाचं बाकी आहे. मह्या साडूजवळ अमरावतीले अशीच दुसरी मशीन आहे. ते मागवतो, हा आवाज नव्या फितीवर उतरवून घेऊ. आठ दिवस हे इथंच राहू दे. आन् तवरिक चालवू नको. एक डाव बी नाही!"

शहाणा माणूस काय म्हणाला असता? बरं चाचा, म्हणाला असता. मी काय म्हणालो?

"चाचा, लग्न पाच दिवसांवर आहे. आन् दादाले मी दुकानात ठेवून जाऊ? खुंटीले टांगलेल्या घड्याळांमधी?"

"अबे, दादाले नाही, मशीनले!"

पण मी ट्रंक उचलून चालू पडलो होतो. मागून चाचा ओरडत होते, "तेल-गिल नको घालू हां!" की असंच काहीतरी. मी रागात होतो. रागात मला फक्त शेवटचा शब्द ऐकू येतो, आणि तो 'हां' होता.

आता माझी अक्कल ऐका. मी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. चौथीनंतर शाळेनं मला सोडलं आणि जिनिंगनं धरलं. तिथं यंत्र कुरकुरलं की तेल, टकटकलं की तेल, तापलं की जास्त तेल. कापसातून सरकी काढणारं एवढं मोठं धूड तेलावर चालतं, तर ही ट्रंकेएवढी पोरगी कोण लागून गेली? मी जिनिंगमधून कुपीभर तेल आणलं आणि जिथं जिथं काही फिरताना दिसलं तिथं तिथं सोडलं. रबरी चाक होतं, त्याला तर चोळून लावलं. मालिश!

आणि काय आश्चर्य! टकटक बंद. मी मायला म्हणालो, "पाहाय! चाचाले आठ दिवस लागत होते. मी एका कुपीत दुरुस्त केली."

"तुले अक्कल कवा आली रे?" माय म्हणाली. ती कौतुकानं म्हणाली होती, पण प्रश्न बरोबर होता.

लग्नाला निघालो. अमरावतीला गाडी बदलायची होती. ज्या गावात चाचांच्या साडूची मशीन होती त्याच गावात मी अर्धा तास उसाचा रस पीत बसलो. दादाच्या मशीनला मांडीवर घेऊन!

मांडव गच्च भरला होता. सुलोचना पांढऱ्या पातळात उभी, हातात हार, नजर मशीनवर. विधी लावायला वानखडे गुरुजी होते. ते स्वतः उत्तम म्हणतात, पण मोठ्या मनानं बाजूला झाले. म्हणाले, "आज यशवंत म्हनंल. आपुन मांगून म्हनू." मी मशीनसमोर माईक ठेवला, भोंगा लावला, बटण दाबलं.

"मी म्हनतो तसंच म्हना. एक अक्षर इकडचं तिकडं नाही झालं पायजे."

काय शांतता पसरली म्हणून सांगू! मामा रुमालात तोंड घालून रडला. सुलोचना रडता रडता हसली. दादा म्हणत होता आणि सारा मांडव हात जोडून, डोळे मिटून मागून म्हणत होता. मी मान वर करून इकडेतिकडे पाहत होतो. हे मी जमवलं होतं ना!

आणि तेल बोलायला लागलं.

आधी दादाचा आवाज जरा जड झाला. मांडवाचा आवाजही जड झाला. मग दादा "गऽऽच्छाऽऽऽ" करत खाली खाली जाऊ लागला, तसा मांडवही खाली खाली. रेड्यानं जांभई द्यावी असा आवाज तीन-चारशे माणसांच्या गळ्यातून निघत होता. बाया तर घशातून आवाज काढता काढता वाकल्या!

वरपक्षाकडचा एक मिशीवाला काका मामाच्या कानाला लागला. "काहो, हे म्हनाची पद्धत कुठची?"

मामानं क्षणभर विचार केला. "नागपूरची."

"तरीच! आमच्या इकडं नाही आली अजून."

तेवढ्यात चाक सटकलं आणि फीत धावली. दादा चिमणीसारखा चिवचिवायला लागला. मांडव तयारच! साऱ्यांनी एका दमात तीन ओळी चिवचिवल्या. मागून एक म्हातारी धापा टाकत म्हणाली, "पोट्टेहो, मोटार सुटून राहिली का रे?"

मग अडखळलं. "ग-ग-ग-ग." मांडव: "ग-ग-ग-ग."

 मी धावत गेलो आणि बटण दाबलं. कोणतं? हाताला लागलं ते! चकत्या गरागरा फिरल्या. पंचशील उडून गेलं, फीत पार शेवटाला पोचली. मी घाबरून दुसरं दाबलं, आणि भोंग्यातून दादाचा आवाज आला. स्पष्ट, खणखणीत, पुन्हा पहिल्यासारखा:

"झालं. मध्या, बटन दाब."

मांडव हात जोडून, गंभीरपणे: "झालं. मध्या, बटन दाब."

"अबे मध्या!"

"अबे मध्या!"

"डोये मिटून काय बसला बैलासारखा?"

"डोये मिटून काय बसला बैलासारखा?"

"तुह्यावर काम टाकलं म्हंजे वाटोयं झालं समज!"

पुढच्या दोन रांगांनी डोळे उघडले होते. पण मागच्यांचं मन लागलेलं होतं, त्यांनी तेही भक्तिभावानं म्हटलं. वानखडे गुरुजी जोडलेल्या हातांमागं तोंड लपवून गदागदा हलत होते. आणि मग मशीननं 'खुर्रर' केलं, फीत आत ओढली आणि तुटली.

तोंडं पाडू नका. फितीचं पुढं बरं झालं. करीमचाचांनी ती कात्रीनं कापून सोडवली, तेल पुसलं, तुकडे जोडले, अमरावतीची मशीन आणून सारं नव्या फितीवर उतरवलं. दोन बोटं तेवढी फीत गेली. पण हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं? माझ्या हातात तेलकट गुंता होता आणि मला वाटलं, दादा आज दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी मी नेला.

मी तिथंच खाली बसलो आणि भोकाड पसरलं. एवढा मोठा घोडा, मांडवाच्या मधोमध!

हसणं थांबलं. गुरुजी पुढे आले. मला वाटलं, आता ते म्हणतील आणि लग्न लागेल. तर सुलोचना बोलली. हार तसाच हातात धरून.

"गुरुजी, मध्या म्हनंल."

"मी?"

"चार महिने रोज आयकून राहिला नं तू? आत्या सांगत होती. यशवंतादादा कुठी थांबे, कुठी श्वास घे, हे तुह्याशिवाय कोनाले माहीत आहे? ऊठ. मले दादाच्याच चालीत पायजे."

"सुले, मले…"

"ऊठ म्हनलं नं! हार सुकून राहिला."

गुरुजींनी मला बगलेत हात घालून उभं केलं आणि माईकसमोर नेऊन सोडलं. मांडवानं पुन्हा हात जोडले, पुन्हा डोळे मिटले. म्हाताऱ्यासुद्धा सावरून बसल्या. वरपक्षाचा मिशीवाला काका तर कान टवकारून तयार, नागपूरची पद्धत एकही अक्षर सुटायला नको! साऱ्यांनी श्वास आत घेतला.

मी बाहीनं डोळे पुसले. नाक वाहतंय, हाताला तेल, समोर सुलोचनेचे डोळे. मी कसाबसा गुरुजींकडे वळलो आणि रडक्या आवाजात बोललो. माईक समोर आहे हे कोणाच्या बापाला आठवतंय!

"गुरुजी, मले नाही जमत!"

आणि सारा मांडव, बायाबापड्या, मिशीवाल्या काकासकट, हात जोडून, डोळे मिटून, माझ्याच रडक्या चालीत म्हणाला:

"गुरुजी, मले नाही जमत!"