पंच्याहत्तर सालची बाटली

पुंडलिक तामोरे हा तारखेचा माणूस. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत तो सव्वीस वर्षं तपासणी खात्यात होता. डब्यावरची तारीख आणि कागदावरची तारीख एकच आहे ना, हे बघायचं, एवढंच त्याचं काम. जुळली नाही की माल परत. आतला माल सोन्यासारखा असला तरी परत. "आतलं काय ते देव बघेल, मी बाहेरचं बघतो," असं तो खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला ते विनोदाने म्हटल्यासारखं वाटायचं. तसं ते नव्हतं.

त्याच्या स्वतःच्या जन्माचा कागद त्याने प्लास्टिकमध्ये घालून ठेवला होता. पालघरच्या दवाखान्याचा, चौऱ्याहत्तर सालचा, सकाळी सहा वीस, वजनासकट. त्याच्या वयाच्या कोळीवाड्यातल्या माणसांत असा कागद असणारा तो एकटाच असावा. बाकीचे सगळे एक जूनचे. शाळेच्या मास्तरांनी एकाच तारखेला गावंच्या गावं जन्माला घातली होती.

त्याची बायको जमनाही एक जूनचीच. एक जून एकोणीसशे पंच्याहत्तर. केळव्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर, आणि घराच्या पडवीत जमनाची खानावळ. शनिवार-रविवारी मुंबईचे लोक यायचे, कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या खायचे आणि जाताना डबे भरून न्यायचे. बाई कामाला वाघीण, बोलायला मोकळी. फक्त वाढदिवस म्हटलं की अंग काढून घ्यायची. "त्यात काय, दर वर्सी येतो," म्हणायची आणि एक जूनला हमखास काहीतरी मोठं काम काढून बसायची. एका वर्षी पाण्याची टाकी धुतली, एका वर्षी सगळ्या गाद्या उन्हात घातल्या. पुंडलिक हे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. आमच्या हिला हौस म्हणून नाही हो, फार साधी आहे.

यंदा मात्र पन्नाशी होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीचा, हिमानीचा, दीड महिना आधी फोन आला.

"बाबा, यंदा साडी नको हं. आमच्या सरांना त्यांच्या बायकोने काय दिलं माहितीये? जन्मसालची वाईन. ज्या वर्षी ते जन्मले, त्याच वर्षीच्या द्राक्षांची. बाटलीवर साल छापलेलं असतं."

"तुझी आई पीत नाही."

"प्यायची नसतेच ती. जपायची असते."

प्यायची नसलेली दारू ही कल्पना पुंडलिकच्या डोक्यात शिरायला वेळ लागला, पण बाटलीवर साल छापलेलं असतं हे मात्र थेट काळजात गेलं. बाटलीवर १९७५, आधार कार्डावर १९७५. जगात याहून सुंदर भेट त्याला सुचेना.

पालघरला मेहुलचं दारूचं दुकान होतं. पुंडलिक तिथे आयुष्यात पहिल्यांदा गेला आणि आधी परवाना मागितला. मेहुलला वाटलं, दारूबंदी खात्याचाच कोणीतरी तपासायला आलाय. त्याने गल्ल्यामागची फाइल काढून पुढे केली. गैरसमज मिटल्यावर पुंडलिकला दारू बाळगण्याचा परवाना रीतसर मिळाला. त्यावरची तारीख त्याने दोनदा वाचली आणि मगच कामाचं बोलला.

"जन्मसालची?" मेहुल म्हणाला. "असलं गिऱ्हाईक पालघरला पहिलंच. थांबा, मुंबईला एकाला विचारतो." त्याने फोन लावला, बराच वेळ गुजरातीत बोलला आणि चेहरा उजळून परतला. "नशीबवान आहात, साहेब. पंच्याहत्तर साल चांगलं. तरुणपणी फार कडक होती म्हणे, तोंडाला लावता येत नव्हती. आता मऊ झाली असणार."

हे तंतोतंत जमनाचं वर्णन होतं. पुंडलिक खूश झाला आणि सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "आणि चौऱ्याहत्तर?"

मेहुलने पुन्हा फोनवर विचारलं. "ते सोडा. ऐन काढणीला पाऊस लागला होता. आंबट आणि पातळ. आता तर कोणी ठेवतही नाही."

त्या संध्याकाळी पुंडलिकने एक भाकरी कमी खाल्ली. जमनाने कारण विचारलं, तर पोटात जरा आंबट झालंय म्हणाला.

तीन आठवड्यांनी बाटली आली. सोबत गळ्यात अडकवायची एक जाड चिठ्ठी होती: नाव, जन्मतारीख, वेळ, गाव. पुंडलिकने बाटली कपाटात, कंपनीच्या जुन्या फायलींच्या मागे उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर ती आडवी. घरात मांजर नव्हतं. त्याने उंदराला बोल लावला आणि ती उभी केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आडवी. उंदीर चिकाटीचा होता.

चिठ्ठीत नाव भरलं, गाव भरलं. तारीख आणि वेळ एकदमच लिहू म्हणून ठेवली, आणि वेळेशी पुंडलिक अडला. रिकामा रकाना त्याला बघवत नसे. जमनाला विचारावं तर भेटीचं गुपित फुटणार. म्हणून एका दिवशी कंपनी सुटल्यावर त्याने गाडी सासुरवाडीला, मुरब्याला वळवली.

सासू, ठमीबाय, अंगणात सुकलेले बोंबील काठीवरून उतरवत बसली होती. वय पंच्याऐंशीच्या आसपास, नजर मंद, पण हात अजून झपझप चालायचे. जावयाला बघून तिने बसायला पाट सरकवला आणि आत बघून चहाची हाळी दिली.

"आत्या, जमना किती वाजता जन्मली?"

"वाजता?" ठमीबाय हसली. "घड्याल कुनाकडं होतं? होलीचा दुसरा दिस. पोरं रंग घेऊन दारात आली, तवा ती रडाया लागली."

पुंडलिकला वाटलं, म्हातारी दुसऱ्या लेकराबद्दल बोलते आहे. "जमना म्हणतोय मी. ती जूनची."

"जूनची मास्तरांची. माजी होलीची." तिने बोंबलाची जुडी बांधली. "दुष्कालात रेशनवर ती लाल मिलो जवारी मिलायची तवाची. त्या भाकऱ्या खाऊन मला वांत्या व्हायच्या. आता होलीला बावन पुरी झाली तिला. तुज्यापरीस वर्स-दीड वर्स थोरच."

चहा आला. पुंडलिकने बशीत ओतला आणि तसाच धरून राहिला.

"तुला तिनं सांगितलं नाय?" ठमीबायचे हात पहिल्यांदाच थांबले. "मला वाटलं येवड्या वर्सांत सांगितलं असंल. अरे, तिचा भाऊ देवू तान्हा होता, त्याला सांबालाया ती घरी ऱ्हायली. साळंत घातली तवा दोन वर्स उशीर झालेला. मास्तर म्हनले, पोर थोर दिसंल, दोन वर्स कमी लिवतो. मग तुज्या आयसला सून ल्हान पायजे होती. आमी खोटं कोनी बोल्लो नाय हां. कागद होता, तो दाकवला."

खरंच होतं. पुंडलिकला तो कागद आठवत होता. लग्न ठरवायला आला तेव्हा त्याने स्वतः तो उजेडात धरून तपासला होता, शिक्का बघितला होता, आणि ठीक आहे म्हणाला होता. त्याच तारखेवर पत्रिका जुळवली होती आणि छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण आले होते. ते नेमके कोणाचे, हे आता कोण सांगणार?

परतताना तो बोईसरच्या नाक्यावर थांबला आणि त्याने मेहुलला फोन केला. "त्र्याहत्तरची मिळेल का? ही परत घ्या."

"परत नाही होत, साहेब. आणि त्र्याहत्तर?" मेहुलने आतापर्यंत या विषयात बराच अभ्यास केला होता. "ती तेव्हाच्या तेव्हा प्यायची होती. इतकी वर्षं ठेवायचीच नव्हती."

पुढचे दहा दिवस पुंडलिक बायकोकडे चोरून बघत होता. ती भाकरी थापायची, गिऱ्हाइकांना हसून वाढायची, मासेवालीशी भांडायची, सगळं आधीसारखंच. आपण फसवले गेलो म्हणून राग यावा, असं त्याला वाटत होतं. त्याने तसा प्रयत्नही करून पाहिला. पण ज्या मालाबद्दल सव्वीस वर्षांच्या संसारात एक तक्रार नाही, तो परत कुठल्या खिडकीवर करायचा? राग येईना आणि त्याचीच चिडचिड व्हायला लागली. चिठ्ठीतला तारखेचा रकाना तसाच राहिला. खोटी तारीख हाताने लिहवेना, आणि खरी लिहावी तर बाटली चुकीची.

एक जून रविवारी आला. चारच्या सुमाराला शेवटचे पाहुणे गेले. जमना पडवीतली टेबलं पुसत होती. पुंडलिकने बाटली आणून तिच्यासमोर ठेवली आणि पाठ केलेलं भाषण विसरला.

जमनाने बाटली उचलली, आडवी धरली. "सुकलं नाय वाटतं बूच. रोज आडवी करून ठेवत होती मी."

"तू?"

"बुचाची बाटली उभी ठेवत नाय. ते मालाडचे पाहुने वाईन घेऊन येतात ना, त्यांनी सांगितलं. तुमी आपले रोज उभी करायचे." तिने चिठ्ठी उलटून बघितली. "तारीख नाय लिवली?"

"मुरब्याला गेलो होतो."

"ठाऊक हाय. आयसनं दुसऱ्या दिवशी फोन केला. रडत होती."

म्हणजे दहा दिवस तो तिच्याकडे चोरून बघत होता आणि ती त्याला तसं बघताना बघत होती. पुंडलिक खुर्चीवर बसला.

"सव्वीस वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"तुमी कदी विचारलं?" जमनाने फडकं खाली ठेवलं. "बघायला आले तवा माजा दाखला बघितला, किती येळ बघितला. मला नाय काय विचारलं. मी म्हटलं, या मानसाला कागद पुरतो." ती पुढे म्हणाली, "पयल्या वर्सी सांगनार होती. पन तुमची आय होती तवा. मग हिमानी झाली. मग वाटलं, आता सांगून एका दिवसात दोन वर्सांनी म्हातारी कशाला होऊ?"

"आणि वाढदिवसाला टाकी धुवायचीस?"

"दुसऱ्याचा केक कापल्यासारखं वाटायचं."

पुंडलिकने फडकं उचलून पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं. समोरून एक गाडी वाळू उडवत गेली.

"माज्या सालची मिलाली नाय?" जमनाने विचारलं.

"त्र्याहत्तरची तेव्हाच प्यायला हवी होती म्हणतात. ठेवायची नव्हती."

"खरं बोल्ले. आनि तुमच्या सालची?"

पुंडलिक रस्त्याकडे बघत राहिला. "आंबट निघाली."

जमनाला हसू फुटलं ते आवरेना. पदराने डोळे पुसत तिने टेबलाच्या खणातून पाहुण्यांसाठी ठेवलेला बूच काढायचा स्क्रू आणला. पुंडलिक म्हणाला, जपायची असते ती. ती म्हणाली, कोनासाठी? अर्धं बूच वर आलं, अर्धं आत तुटलं. तिने चहाच्या गाळणीतून दोन स्टीलच्या पेल्यांत थोडी थोडी ओतली. पुंडलिकने घोट घेतला आणि ओलं लाकूड चाटल्यासारखं तोंड केलं. जमनाने पेला नाकाशी नेला, जिभेवर घोळवला, जसं तिने मालाडवाल्यांना करताना पाहिलं होतं.

"बंद खोलीचा वास हाय," ती म्हणाली. "पन वाईट नाय." आणि तिने आणखी थोडी ओतून घेतली.

तेवढ्यात हिमानीचा व्हिडिओ कॉल आला, आणि त्याच वेळी पालघरहून तिने मागवलेला केक घेऊन एक माणूस फाटकाशी उभा राहिला. केकवर मोठ्या लाल आकड्यांत पन्नास. जमनाने फोन टेबलावर बाटलीला टेकवून उभा केला, हात धुतले, सुरी घेतली.

"आई, सुंदर दिसतेस! पन्नासची वाटतच नाहीस!"

"नाय वाटत ना?" जमना म्हणाली.

"बाबा, असे गप्प काय बसलात? मोठ्याने म्हणा, पन्नास!"

पुंडलिकने तोंड उघडलं. टेबलाखाली जमनाच्या पायाने त्याचा पाय घट्ट दाबला.

"पन्नास," पुंडलिक म्हणाला.

"आवाज येत नाहीये, बाबा!"

त्याने पेल्यातलं उरलेलं एका घोटात संपवलं, घसा खाकरला, आणि शेजारच्या घरातही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाला, "पन्नास! पूर्ण पन्नास!"