न्यांगाऊचा डावा कान

एकवीस दिवस झाले, तरी जंगलातलं एक झाड पडलं नव्हतं. एकाच छपराखाली बावीस बिऱ्हाडांचं लांबघर, घरोघरी कोयत्यांना धार लावून ठेवलेली, आणि सगळे हातावर हात ठेवून बसलेत कशासाठी, तर म्हाताऱ्या न्यांगाऊला डावीकडून नेंदाक पक्षी ऐकू यावा म्हणून. तो डावीकडून ओरडला की न्यांगाऊ तिथली एक काडी तोडून घरी आणणार, मग तोड सुरू. उजवीकडून ओरडला की त्या दिवसाचं काम संपलं. आता आणखी दहा दिवस गेले तर तोडलेलं वाळणार नाही, पावसाआधी जळणार नाही, आणि राख नाही म्हणजे भात नाही.

न्यांगाऊच्या बायकोचं, मेंगानचं, डोकं उठलं होतं. चाळीस वर्षं तिने या माणसाशी संसार केला. खरं तर या माणसाशी आणि त्याच्या पक्ष्यांशी. माहेरी जायला होडीत बसावं, तर कुठूनतरी चिवचिवाट व्हायचा की उतरा खाली. लेकीच्या, सेंदीच्या, वेळी कळा सुरू झाल्यावर हा सुईणीला आणायला गेला आणि वाटेत अपशकुन झाला म्हणून पान चघळत बसून राहिला. सेंदी सुईणीवाचूनच झाली. त्याचं यावर म्हणणं एवढंच, की पोरगी धडधाकट आहे ना, मग पक्षी बरोबरच होता. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

लोकांचा मात्र त्याच्यावर विश्वास. अठराव्या वर्षी तो डोंगरावर एकटा झोपला, स्वप्नात कुणी पांढऱ्या केसांचा माणूस आला, आणि तेव्हापासून शकुन ऐकायचं काम त्याच्याकडे आलं. दुसऱ्या कुणाला तसं स्वप्न पडलं नाही. पडलं असलं तरी कुणी बोललं नाही, कारण शकुन चुकला तर मरण ऐकणाऱ्यावर येतं.

"मेंगान," मुखिया उंगाट ओसरीवर म्हणाला, "नवऱ्याला जरा विचार. पक्षी रुसलेत की हाच रुसलाय?"

"तूच विचार. माझं त्याने कधी ऐकलंय?" असं म्हणून ती भाताची पुडी घेऊन तरातरा जंगलात गेली.

न्यांगाऊ शकुन ऐकायच्या आपल्या झोपडीत डोळे मिटून बसला होता. ती त्याच्यापाशी टेकते न टेकते, तोच नेंदाक ओरडला. ड्युरियनच्या झाडावरून, स्वच्छ, डावीकडून. मेंगानच्या जिवात जीव आला.

"उजवीकडून," न्यांगाऊ म्हणाला. "आजही उजवीकडून. काहीतरी चुकलंय माझं, सेंदीच्या आई."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग सरकून त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि हळूच म्हणाली, "म्हाताऱ्या."

न्यांगाऊने मान उजवीकडे वळवली आणि तिला तिथे शोधू लागला.

मेंगानने कपाळावर हात मारला. "अरे, तुझा डावा कान गेलाय. जगात जे काय वाजतं ते तुला उजवीकडेच वाजतं. एकवीस दिवस. एकवीस दिवस आम्ही बसलोय तिकडे बोंबलत."

त्याने डावा कान चाचपून बघितला. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? कान तुझा."

तिला वाटलं, हा आता लपवील. पण संध्याकाळी तो स्वतःच ओसरीवर उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना सांगून टाकलं. मग काय विचारता. उंगाट म्हणाला, म्हणजे गेल्या वर्षी मी होडी परत फिरवली ती उगाच? कुणी मोडलेलं लग्न काढलं, कुणी न बांधलेला जिना. न्यांगाऊ मान खाली घालून ऐकत होता, आणि तेवढं त्याला बरोबर ऐकू येत होतं. मेंगानला ते बघवेना.

"पुरे झालं," ती म्हणाली. "या माणसाला बोलायचं तर मी बोलेन, चाळीस वर्षं बोलतेच आहे. तुमच्यापैकी कुणी त्याच्या जागी बसणार असेल तर त्याने पुढे यावं."

कुणी आलं नाही.

"मग उद्या मी बसते त्याच्या डाव्या बाजूला. पक्षी तोच ऐकेल, मी फक्त बाजू सांगेन."

"बाईमाणूस शकुनाला?" उंगाट म्हणाला.

"पक्ष्याने हरकत घेतली तर उठून येईन."

पहाटे दोघं झोपडीत बसले. ठरलं असं, की आवाज डावीकडून आला तर तिने त्याचा हात दाबायचा, एरवी काही नाही. न्यांगाऊने डोळे मिटले आणि डावा हात तिच्या हातात देऊन टाकला. उजेड फुटला. नेंदाक ओरडला.

उजवीकडून. आज खरोखरच उजवीकडून.

मेंगानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याला आजच सुचायचं होतं? तिच्या डोळ्यांपुढे सेंदीची दोन पोरं आली, तळाला गेलेली भाताची कणगी आली. एकदा हात दाबायचा, बस्स. दुपारपर्यंत जंगलात कोयते वाजतील. कुणाला कळणार होतं? पक्ष्यांवर तिचा तरी कुठे एवढा विश्वास होता? आणि हा म्हातारा तर डोळे मिटून बसला होता, ती देईल ते घ्यायला.

तिने हात दाबला नाही.

"ओरडला ना?" न्यांगाऊने विचारलं.

"ओरडला. उजवीकडून."

त्याने मान हलवली आणि उठायला तिचा आधार घेतला. वाटभर ती पक्ष्याला शिव्या घालत होती.

लांबघराच्या शिडीपाशी झाडून सगळे उभे होते. दोघांच्या हातात काडी नाही हे बघून उंगाट खाली उतरला.

"अगं, तू असून?"

"मी होते म्हणूनच," मेंगान म्हणाली, आणि न्यांगाऊचा हात धरून शिडी चढू लागली.